देवगिरी-दौलताबाद : अभेद्य म्हणवला गेलेला किल्ला वारंवार हातचा का गेला?

प्रश्न दुहेरी आहे. देवगिरीचा किल्ला खरोखर अभेद्य होता, तर खलजी, निजामशहा आणि मोगल अशा एकामागून एक सत्ताधीशांच्या हाती तो कसा पडत गेला? आणि आज तेथे जे बांधकाम दिसते, त्यातले यादवांचे किती आणि पुढच्यांचे किती? जुन्या तटबंद्यांच्या जतनाचे काम करताना हा किल्ला मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या गावात. देवगिरीला आपण गिरिदुर्ग म्हणतो आणि तेथेच गफलत होते. तो तटबंदीने वेढलेला नगरदुर्ग आहे, ज्याच्या पोटात एक कातीव डोंगर उभा आहे. त्याच्या इतिहासातील बहुतेक निर्णायक घटना सपाटीवरच्या गावात आणि त्याहीपलीकडच्या शेतशिवारात घडल्या. कडा चढून, लढून कोणी माथा जिंकल्याचा प्रसंग मला माहीत नाही.

डोंगरापासून सुरुवात करू. छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळकडे जाताना साधारण पंधरा किलोमीटरवर, बाजूच्या डोंगररांगेपासून सुटा झालेला हा शंकूसारखा डोंगर दिसतो. पायथ्यापासून त्याची उंची सुमारे दोनशे मीटर आहे. रांगेपासून तुटलेला असल्याने शेजारच्या पठारावरून चालत त्याच्यावर येण्याची सोय नाही, आणि हा नैसर्गिक गुण माणसाने पुढे वाढवला. डोंगराचा खालचा उतार छिन्नी-हातोड्याने तासून सुमारे पन्नास मीटर उंचीचा उभा, गुळगुळीत कडा सर्व बाजूंनी तयार करण्यात आला आणि त्याच्या पायाशी खडकातच खंदक खोदण्यात आला. दख्खनचा काळा पाषाण टणक असतो, पण जाणत्या पाथरवटाच्या हाती तो वरून खाली सलग कापता येतो. हे तंत्र या परिसराला नवे नव्हते. वेरूळची लेणी येथून काही कोसांवरच आहेत. तेथे डोंगर आतून पोखरला, येथे तो बाहेरून तासला, एवढाच फरक. खडक कापून दुर्ग घडवण्याची उदाहरणे दख्खनात इतरत्रही आहेत, पण संपूर्ण डोंगराला अशी कंबर काढल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

यादवांचा पाचवा भिल्लम बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांच्या वर्चस्वातून बाहेर पडला आणि देवगिरी ही राजधानी झाली. सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामचंद्र यांच्या काळात ती दख्खनातील सर्वांत संपन्न नगरांपैकी एक होती. महानुभावांच्या लीळाचरित्रात देवगिरीचा उल्लेख 'कटक' या नावाने येतो, आणि १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस रामचंद्राचे नाव आहे, हे बहुतेकांना माहीत असते. कटक म्हणजे लष्करी तळ आणि त्याच्या आधाराने वाढलेले नगर. डोंगरावर राजाचा अखेरचा आसरा आणि खाली वस्ती, बाजार, देवळे व राज्यकारभार अशीच विभागणी यादवकाळात असावी, असे या नावावरूनही वाटते.

आता पहिला पराभव पाहू. १२९६ साली अलाउद्दीन खलजी उत्तरेतील गंगाकाठच्या कडा नावाच्या प्रांताचा सुभेदार होता आणि दिल्लीच्या सुलतानाला, म्हणजे आपल्याच चुलत्याला, थांगपत्ता लागू न देता तो देवगिरीवर चालून आला. त्या वेळी यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते. रामचंद्राने उपलब्ध तुकडीनिशी सामना केला, मग तो किल्ल्यात शिरला, आणि खालचे गाव लुटले गेले. घाईघाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही फिरिश्ता या नंतरच्या काळातील फारसी इतिहासकाराने सांगितलेली कथा सर्वतोमुखी आहे. ती शब्दशः खरी मानावी की नाही, हा वादाचा विषय आहे. मात्र तिच्यातले मर्म वास्तुरचनेशी जुळते. खालच्या गावाला त्या काळी भक्कम तट नसावा किंवा असलाच तरी तो तोकडा असावा, आणि धान्याची कोठारे खालीच असावीत. गाव गेले की वरच्या लोकांना कडा कितीही उंच असून उपयोग नव्हता. शंकरदेव परतला, त्याने लढाई दिली आणि तो हरला. त्यानंतर जबर खंडणी देऊन तह करावा लागला. पुढे १३०७ च्या सुमारास अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला, तेव्हा निकाल मैदानात लागला. रामचंद्राला दिल्लीला नेऊन, मानमरातब देऊन, मांडलिक म्हणून परत पाठवण्यात आले. १३१३ मध्ये शंकरदेव मारला गेला आणि १३१८ च्या सुमारास रामचंद्राचा जावई हरपालदेव याच्या क्रूर वधानंतर यादवांचे राज्य संपले.

महाकोटातील, म्हणजे गावाभोवतीच्या मधल्या तटाच्या आतील, जामा मशीद याच सुमाराची, कुतबुद्दीन मुबारकशहा खलजीच्या काळातली आहे. तिचे खांब जुन्या देवळांचे आहेत आणि ते पाहताना जोड कोठे बदलला, कोणत्या खांबाची उंची जुळवण्यासाठी वर तुकडा बसवला, हे नीट दिसते. यादवकालीन नगरात किती आणि कोणत्या दर्जाची मंदिरे होती, याचा सर्वांत मोठा पुरावा दुर्दैवाने याच वास्तूत आहे. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाल्यानंतर तेथे भारतमातेची मूर्ती स्थापन झाली आणि आज ती वास्तू भारतमाता मंदिर म्हणूनच ओळखली जाते.

यादवांचे आज काय उरले, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे थोडे निराशाजनक आहे. तासलेला कडा आणि खंदक यांची मूळ कल्पना व बराचसा भाग त्यांच्याकडे जातो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोरीव खांब, शिल्पपट्ट आणि चिरे यांचे शेकडो सुटे अवशेष तटात, दरवाजांत आणि बारवांत बसवलेले आढळतात. सलग उभी म्हणावी अशी यादवकालीन इमारत मात्र नाही. गाइड मंडळी सरसकट प्रत्येक दरवाजा 'रामदेवरायाचा', म्हणजे रामचंद्राचा, म्हणून दाखवतात, ते मनावर घेऊ नये. चुन्याच्या दरजा, तोफांसाठी ठेवलेली तोंडे आणि टोकदार कमान यांपैकी काहीही दिसले, तर ते बांधकाम निश्चितच नंतरचे समजावे.

या जागेला खऱ्या अर्थाने नगराचे रूप दिले ते महंमद तुघलकाने. १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन राजधानीचा दर्जा दिला. या निर्णयाला वेडगळ ठरवण्याची प्रथा पडली आहे. दख्खन ताब्यात ठेवायचे, तर दिल्लीहून ते चालणार नाही, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. चुकली ती सक्तीची अंमलबजावणी. दिल्लीतील सरदार, उलेमा आणि सूफी येथे आणले गेले. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि त्यांचे सहकारी शेजारच्या घाटमाथ्यावर, म्हणजे आजच्या खुलताबादेत, स्थिरावले, आणि कवी अमीर हसन देहलवी तेथेच दफन आहेत. दौलताबाद आणि वेरूळच्या मध्ये असलेल्या कागजीपुऱ्यातील हातकागदाची परंपराही याच स्थलांतराशी जोडली जाते.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास येथून गेला. त्याचे वर्णन वास्तुअभ्यासकाला फार मोलाचे आहे, कारण त्याने नगराचे तीन भाग स्वच्छ सांगितले आहेत : सुलतान आणि सैन्य राहते ते दौलताबाद, दुसरे कटक, आणि तिसरा देवगिरी हा बालेकिल्ला. बालेकिल्ल्यावर जाण्यासाठी चामड्याची शिडी होती आणि ती रात्री वर ओढून घेत, असे तो लिहितो. किल्ल्याच्या तळघरात कैदी ठेवत आणि तेथे मांजरांहून मोठे उंदीर होते, हेही त्याने नोंदवले आहे. गावात गाणाऱ्यांचा 'तरबाबाद' नावाचा मोठा बाजार होता, ही नोंद तर या लष्करी नगराविषयीची आपली कल्पनाच बदलून टाकते. शिडीच्या उल्लेखातून मी एक अनुमान काढतो. आज आपण ज्या अंधारीतून, म्हणजे खडकात कोरलेल्या काळोख्या बोगद्यातून, वर जातो, ती सध्याच्या रूपात त्या वेळी मुख्य वाट नसावी. काही कोरीव दालने आधीची असतील, पण त्यांना जोडून केलेला चढता बोगदा, लोखंडी झाकण आणि धुरासाठीचे झरोके ही योजना टप्प्याटप्प्याने सिद्ध झाली असावी.

गावाभोवतीच्या तटांची रचना तिहेरी आहे : बाहेरचा अंबरकोट, मधला महाकोट आणि कड्याला लगटून असलेला काळाकोट. अंबरकोट हे नाव निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याशी जोडले जाते आणि मोगल इतिहासकारांनीही श्रेय त्यालाच दिले आहे. मात्र या तटाचा प्रचंड परीघ पाहिला की अभ्यासकांचा दुसरा पक्ष पटू लागतो. त्यांच्या मते ही रेषा तुघलकी राजधानीची आहे आणि मलिक अंबरने ती दुरुस्त करून तोफांच्या काळाला साजेशी केली. दिल्लीत जहाँपनाहच्या तटाने याच सुलतानाने जुन्या वस्त्यांना मोठ्या आवारात घेतले होते, हे लक्षात घेतले तर येथेही तीच दृष्टी दिसते. एवढ्या आवारात वस्ती दाट नसते. शेते, बागा, विहिरी आणि तळ ठोकण्याची मोकळी जागा त्यात धरलेली असते. आजचा वेरूळ रस्ता याच आवारातून जातो आणि बहुतेक पर्यटक अंबरकोट ओलांडून आत आल्याचे न कळताच महाकोटाच्या दरवाजाशी गाडीतून उतरतात.

मला या नगरात सर्वांत अधिक विचारपूर्वक केलेले काम वाटते ते पाण्याचे. डोंगरावर टाकी आहेत, पण खालच्या गावाला त्यांचा उपयोग नव्हता. नगरासाठी पाणी आजूबाजूच्या डोंगरांच्या कुशीत, विशेषतः आबपाश दरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या खोऱ्यात, बंधारे घालून अडवले होते आणि तेथून खापरी नळांच्या वाटेने, केवळ उताराच्या जोरावर, आत आणले होते. चिखलमातीचे भाजलेले नळ एकमेकांत अडकवून, भोवती चुन्याचे जाड आवरण देऊन ते जमिनीखाली पुरलेले असत. वाटेत ठरावीक अंतरावर उसासे, म्हणजे हवेसाठी वर उघडे ठेवलेले उभे मनोरे, ठेवले म्हणजे नळातील हवा बाहेर पडते, गाळ खाली बसतो आणि दाब वाढून नळ फुटत नाहीत. महाकोटात शिरल्यावर डाव्या हाताला लागणारा हत्ती हौद या व्यवस्थेचा साठवणटप्पा आहे. सरस्वती बारव आणि कचेरी बारव या त्याच्या जोडीला आहेत. हौदाचा प्रचंड आकार पाहून लोक थक्क होतात, पण त्यात पाणी आले कोठून, हे विचारत नाहीत. या व्यवस्थेतील उणीवही स्पष्ट आहे. उगम तटाबाहेर आहे आणि वेढा घालणाऱ्याला तो शोधणे कठीण नव्हते. म्हणूनच उन्हाळ्याच्या तोंडाशी वेढा सुरू झाला, तर आतल्या शिबंदीची मदार हौद, बारवा आणि गडावरची टाकी यांच्यावरच उरत असे.

कड्याने आपले काम चोख बजावल्याचा एक प्रसंग नोंदवायला हवा. १३४७ साली दख्खनच्या अमीरांनी बंड करून इस्माईल मुख याला सुलतान केले. महंमद तुघलक स्वतः चालून आला, मैदानात जिंकला आणि बंडखोर बालेकिल्ल्यात कोंडले गेले. बालेकिल्ला मात्र पडला नाही. इतक्यात गुजरातेत तघीचे बंड उठल्याने सुलतानाला निघून जावे लागले, आणि बंडखोरांपैकी हसन बहमनशहाने उरलेल्या शाही फौजेचा पराभव केला. बहमनी राज्याची स्थापना येथेच झाली, राजधानी मात्र लवकरच गुलबर्ग्याला गेली. त्या काळातील महत्त्वाची खूण म्हणजे १४४५ च्या सुमाराचा चाँद मिनार. त्याच्यावर निळ्या झिलईच्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत आणि पायथ्याशी छोटी मशीद आहे. तो विजयस्तंभ म्हणून सांगितला जातो, पण माथ्याच्या खालच्या सज्जांतून सारे गाव आणि वाटा दिसतात, त्यामुळे टेहळणीसाठीही तो उपयोगी पडला असणार.

शिवार गेले की किल्ला जातो, याचे सर्वांत बोलके उदाहरण १४९९ चे आहे. जुन्नरच्या अहमद निजामशहाला दौलताबाद हवे होते आणि ते मलिक वजीह व मलिक अश्रफ या भावांच्या ताब्यात होते. वेढा घालून काम होईना, तेव्हा त्याने जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्यावर अहमदनगर वसवले आणि फिरिश्त्याच्या म्हणण्यानुसार दर हंगामाला दौलताबादच्या परिसरातील उभी पिके उद्ध्वस्त करण्याचा सपाटा लावला. काही वर्षांत शिबंदी जेरीस आली आणि मलिक अश्रफच्या मृत्यूनंतर किल्ल्याच्या किल्ल्या निजामशहाकडे आल्या. म्हणजे अहमदनगरसारखे मोठे शहर जन्माला येण्यामागे दौलताबादचा कडा चढता न येणे हेही एक कारण होते.

निजामशाहीच्या काळात तोफ सर्वत्र रूढ झाली आणि तटबंदीचे आजचे रूप घडले. महाकोटाचा प्रवेश नीट पाहण्यासारखा आहे. एका सरळ रेषेत दरवाजे नाहीत. गोलाकार बुरुजांनी वेढलेली अंगणे एकामागून एक येतात आणि प्रत्येक अंगणात वाट वळते. हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये, दरवाजाच्या फळ्यांवर तोफेचा सरळ मारा होऊ नये आणि आत शिरलेली तुकडी चहूबाजूंच्या चर्यांखाली, म्हणजे तटाच्या माथ्यावरील दगडी कंगोऱ्यांखाली, सापडावी, असे तिहेरी प्रयोजन त्यामागे आहे. फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या माथ्याच्या उंचीला आहेत. काळाकोटाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे शिर घडवले आहे आणि तिच्यावर औरंगजेबाचे नाव कोरले आहे, म्हणजे ती बुरुजापेक्षा नवी आहे. गाडा वळवता यावा म्हणून मध्यभागी ठेवलेला खुंटा पाहिला की बुरुजाचा वर्तुळाकार माथा तोफेच्या मापाने ठरवला गेला, हे लक्षात येते.

पुढे खंदकावर पूल लागतो. जुन्या दगडी पुलाचा मधला भाग मुद्दाम खोल ठेवलेला आहे, दोन्हीकडून पायऱ्यांनी उतरून तो ओलांडायचा. खंदकातील पाण्याची पातळी वाढवली की हा भाग पाण्याखाली जाई. आज त्यावरून लोखंडी पूल टाकला आहे. त्यापलीकडे अंधारी. वटवाघळे, वास आणि वळणे यांच्यामुळे तिची भीती वाटते, परंतु तिच्यातली खरी युक्ती वरच्या तोंडाशी आहे. ते तोंड लोखंडी झाकणाने बंद करून त्यावर निखारे ठेवण्याची सोय होती आणि हवेच्या ओढीसाठी झरोका कोरलेला आहे, जेणेकरून धूर व उष्णता खालून येणाऱ्यांवर जावी. प्रत्यक्ष लढाईत ही सोय कधी वापरल्याचे वर्णन माझ्या पाहण्यात नाही. शत्रू तेथवर पोहोचलाच नाही, हेच त्याचे कारण असावे. अंधारीच्या वर चढत गेले की शहाजहानच्या काळातली बारादरी लागते, आणि माथ्यानजीक जनार्दनस्वामींची गुहा आहे. परंपरेप्रमाणे ते या गडाचे किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ त्यांच्याकडे येथेच शिकले. वारकरी कुटुंबांतले लोक हा चढ केवळ त्या स्थानासाठी चढतात.

१६३३ चा वेढा या साऱ्या रचनेची परीक्षा होती. मलिक अंबर १६२६ मध्ये मरण पावला होता आणि किल्ला त्याचा मुलगा फतहखान याच्याकडे होता. मोगलांच्या बाजूने महाबतखान होता, किल्ल्याला बाहेरून मदत करणाऱ्यांत शहाजीराजे, तसेच आदिलशाहीचे रणदुल्लाखान आणि मुरार जगदेव होते. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाने सारा मुलूख आधीच ओस पडलेला होता. मोगलांनी कड्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी अंबरकोटाखाली सुरुंग भरून तट उडवला, मग तोच उपाय महाकोटावर केला, आणि बाहेरून धान्याचे तांडे आत पोहोचू दिले नाहीत. शहाजीराजे आणि आदिलशाही सरदार यांचे प्रयत्न मुख्यतः धान्य आत घालण्यासाठीच होते, कारण आतल्यांना शत्रूपेक्षा भुकेची भीती अधिक होती. काळाकोट आणि डोंगर शाबूत असताना, सुमारे चार महिन्यांनी, फतहखानाने तह करून किल्ला सोडला. हुसेन निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

तेथून पुढे नगर म्हणून दौलताबादचे महत्त्व ओसरले. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले खडकी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाले, दरबार आणि व्यापार तिकडे गेला, आणि दौलताबादचा उपयोग मुख्यतः कारागृह म्हणून होऊ लागला. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा १६८७ नंतर आयुष्याची उरलेली वर्षे काळाकोटातल्या चिनी महालात कैदेत होता. महालाच्या भिंतीवर निळ्या झिलईच्या फरशांचे तुकडे अजून आहेत. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर किल्ला मराठ्यांकडे आला, पण नंतर तो पुन्हा निजामाकडे गेला.

प्रत्यक्ष पाहायला जाणाऱ्यांना माझी सूचना अशी की, सकाळी थेट माथा गाठण्याची घाई करू नये. आधी वेरूळ रस्त्यावर गाडी थांबवून अंबरकोटाची ओळ डोळ्यांनी डोंगरापर्यंत न्यावी, मग महाकोटाच्या अंगणांत प्रत्येक वळणावर मागे वळून वरच्या चर्यांकडे पाहावे. हत्ती हौदाच्या काठी पाणी आत येण्याची वाट शोधावी. ऊन चढण्यापूर्वी काळाकोटातील पडके महाल पाहून घ्यावेत, तेथे निजामशाही चुनेगच्चीचे नक्षीकाम अजून हाताच्या अंतरावर आहे. पावसाळ्याच्या अखेरीस गेल्यास खंदकात पाणी असते आणि मधल्या पुलाची युक्ती कोणी न सांगताही समजते. मात्र अंधारीत त्या दिवसांत पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून विजेरी आणि घट्ट तळव्याचे बूट बरोबर असू द्यावेत.